मूकपटातला कुत्रा पाहायचाय? आधी रोव्हर की आधी रिन टिन टिन?

मूकपट कधी पाहिलेला नाही, पण घरात सगळ्यांना कुत्र्यांचं वेड आहे. अशांनी सुरुवात कशाने करावी? माझ्या मते निवड दोघांतच आहे: १९०५चा 'रेस्क्यूड बाय रोव्हर' आणि रिन टिन टिन या कुत्र्याचा १९२५चा 'क्लॅश ऑफ द वूल्व्ज'.

पहिला ब्रिटिश, जेमतेम सात मिनिटांचा. निर्माते सेसिल हेपवर्थ यांनी घरचीच मंडळी कॅमेऱ्यापुढे उभी केली. बाप ते स्वतः, आई त्यांची बायको (गोष्टही तिचीच), पळवलं जाणारं बाळ त्यांची मुलगी आणि रोव्हर म्हणजे घरचा कॉली जातीचा कुत्रा, ब्लेअर. खर्च सात पौंड, तेरा शिलिंग, नऊ पेन्स! प्रतींना मागणी इतकी आली की निगेटिव्ह झिजली आणि अख्खा चित्रपट दोनदा नव्याने काढावा लागला.

ब्लेअर अभिनय करतो का? खरं सांगायचं तर नाही. तो धावतो. रस्त्याने, वळणावरून, नदी पोहून, गरीब वस्तीतल्या घरांत शिरून. पण तीच वाट तो परततानाही दिसते, आणि मालकाला घेऊन जाताना तिसऱ्यांदा. तोवर ती आपल्यालाही पाठ झालेली असते. थरार आहे तो दृश्यांच्या या जोडणीत. मूकपटात मधेमधे येणाऱ्या लिखित मजकुराच्या पाट्यांपैकी इथे एकही नाही, त्यामुळे चार वर्षांच्या पोरालाही सगळं कळतं.

रिन टिन टिनचं नेमकं उलटं. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, ली डंकन या अमेरिकन सैनिकाला फ्रान्सच्या लोरेन भागात हे जर्मन शेफर्डचं पिल्लू सापडलं. पुढे ते वॉर्नर ब्रदर्सचा हुकमी तारा झालं. 'क्लॅश'मध्ये तो लोबो, लांडग्यांच्या कळपाचा म्होरक्या. पायात निवडुंगाचा काटा रुततो. लंगड्या म्होरक्याला कळप जिवंत ठेवणार नाही, म्हणून तो एकटाच मरायला निघतो. त्याचं ते लंगडणं पाहून पोटात कालवतं. माणसांची प्रेमकथा मात्र रटाळ, चित्रपट तासाभराहून मोठा आणि पाट्या इंग्रजीत. शिवाय ओळखू येऊ नये म्हणून लोबोला चक्क खोटी दाढी लावतात! मोठ्यांना हे अति वाटेल, मुलं खिदळतील.

स्ट्राँगहार्टचं नावही कोणीतरी सुचवेल. हॉलिवूडमध्ये जर्मन शेफर्डला पहिला मान त्याने मिळवून दिला, १९२१ मध्ये, रिन टिन टिनच्याही आधी. पण त्याचे फार थोडे चित्रपट आज पाहायला मिळतात, त्यामुळे सुरुवातीला तो नकोच.

लहान मुलं असतील तर आधी रोव्हर, बिनदिक्कत. कुत्र्याचा अभिनयच पाहायचा असेल तर थेट 'क्लॅश'. २००४ मध्ये तो अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत, म्हणजे जपून ठेवायच्या चित्रपटांच्या यादीतही गेला. फक्त प्रत नीट निवडा. धुरकट प्रतीत लोबोचे डोळेच दिसत नाहीत, आणि त्याचं निम्मं काम डोळ्यांतच आहे.