लष्करी बँडच्या नावाखाली माउथपीसच्या व्यवहारात माझे ९,०५० रुपये बुडाले

हे लिहायला मला दोन महिने लागले, कारण लाज वाटत होती. निपाणी-चिकोडी भागातल्या लग्नांत आणि मिरवणुकांत १९ वर्षे क्लॅरोनेट वाजवणारा माणूस माउथपीसच्याच, म्हणजे तोंडात धरून फुंकायच्या भागाच्याच, व्यवहारात ९,०५० रुपयांना फसतो, हे चारचौघांत सांगणे सोपे नाही. तरीही सांगतो आहे, कारण आमच्याच धंद्यातल्या आणखी दोघांना त्याच माणसाचा फोन आल्याचे परवा कळले.

माझ्या जुन्या माउथपीसच्या टोकाचा टवका एका वरातीत बँडच्या गाडीला आपटून उडाला. टोकाची कड गेली की रीड, म्हणजे फुंकेने थरथरणारी वेताची पातळ पट्टी, नीट बसत नाही आणि वरच्या सुरांवर वाद्य चिरकते. तो यामाहा कंपनीचा ४ सी या नमुन्याचा होता, ज्याची टोकाशी रीड आणि माउथपीस यांच्यात असलेली फट १.०५ मिलिमीटर असते. उघड्या रस्त्यावर ट्रंपेट आणि ढोलांतून आवाज पुढे जावा म्हणून या वेळी जरा जास्त उघडा माउथपीस घ्यावा असे मनात होते, आणि पॅरिसच्या व्हँडोरेन कंपनीचा बी ४५ मी एका मित्राच्या क्लॅरोनेटवर वाजवून पाहिलेला होता. त्याची फट १.१९५ मिलिमीटर. कागदावर हा फरक काहीच वाटत नाही, पण ओठांना तो पहिल्याच फुंकीत कळतो. पुण्यातल्या दुकानात फोन केला तेव्हा ११,८०० रुपये किंमत सांगितली. आमच्या बाजूला मिरजेत उत्तम सतारी आणि तंबोरे बनतात, परंतु चार माउथपीस हातात घेऊन, वाजवून, त्यांतला एक निवडावा अशी सोय जवळपास कुठेही मला सापडली नाही. मी वापरलेला माउथपीस शोधू लागलो तो या अडचणीमुळे, फुकटात घबाड मिळेल या आशेने नव्हे.

मग फोनवर जाहिरात दिसली: बी ४५, एक महिना वापरलेला, बदलीमुळे विकणे आहे, ७,२०० रुपये. विकणारा स्वतःला लष्करी बँडमधला क्लॅरोनेटवादक म्हणवत होता. नेमणूक बेळगावात, आता बदली आसामला. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, फौजेत गेलेला माणूस आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक गावात सापडतो, आणि गणवेशातल्या वादकाबद्दल आम्हा बँडवाल्यांना मनापासून आदर आहे. त्या चोराने नेमका तोच आदर वापरला. पहिल्या वाक्यापासून तो मला ‘मास्तर’ म्हणत होता. गणवेशातला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीनचे कार्ड, सारे काही मी न मागता आले. बदलीवर निघालेल्या फौजीचे सोंग गाड्यांच्या आणि फ्रिजच्या जाहिरातींत किती जुने झाले आहे, हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही माहीत होते. माउथपीससारख्या बारक्या वस्तूसाठी कोणी एवढा घाट घालेल, असे मात्र वाटले नाही. न मागता ओळखपत्र पाठवणाऱ्याशी पुढे एक शब्दही बोलू नका.

ज्या क्षणी मी थांबायला हवे होते, तो क्षण मला आजही रात्री आठवतो. मी त्याला विचारले, “यावर तुम्ही कितीची रीड लावता?” तो क्षणभरही न थांबता म्हणाला, “पाच नंबर, मास्तर.” रीडचा नंबर जितका मोठा तितकी ती कडक. बी ४५ वाजवणारा माणूस अडीच सांगेल, तीन सांगेल, फार तर साडेतीन सांगेल. एवढ्या उघड्या माउथपीसवर पाच नंबरची रीड म्हणजे फळीवर फुंकर घालणे. सूर निघण्याआधी ओठ दमतात. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलानेही हे उत्तर दिले असते तर मी त्याला तिथेच टोकले असते. पण समोर फौजी आहे, रोजच्या परेडने त्याची छाती तयार असेल, अशी समजूत मीच माझी घातली. त्याने पाठवलेल्या व्हिडिओत वाजवणाऱ्याचा चेहराही दिसत नव्हता, फक्त बोटे दिसत होती. आणि पैसे पाठवताना माझा मुलगा म्हणाला, “बाबा, खात्यावर बाईचं नाव दिसतंय.” त्यालाही मीच गप्प केले, कारण ते खाते बायकोचे असल्याचे त्या माणसाने आधीच सांगून ठेवले होते. खात्यावरचे नाव आणि बोलणाऱ्याचे नाव वेगळे असेल, तर पिन टाकू नका. कारण कितीही पटणारे असो.

सोमवारी ३,६०० रुपये आगाऊ गेले. मंगळवारी कॅम्पातून वस्तू बाहेर काढण्याच्या ‘गेट पास’साठी १,८५० रुपये, जे वस्तू मिळताच परत मिळणार होते. गुरुवारी त्याने कुरिअरच्या पावतीचा फोटो पाठवला. तो क्रमांक मी कुरिअरवाल्याकडे तपासला, तो खरा निघाला, आणि म्हणून उरलेले ३,६०० रुपयेही मी दिले. पावती खरी असली तरी तिच्यावरून पार्सलच्या आत काय आहे ते कळत नाही. शनिवारी विम्याचे म्हणून आणखी ५,००० मागितले तेव्हा मी नकार दिला, आणि त्या संध्याकाळपासून तो फोन बंद आहे.

पार्सल पुढच्या मंगळवारी आले. माउथपीसवर नाव कोरलेले होते, पण अक्षरांतला सोनेरी रंग अंगठ्याने घासताच निघाला. खरा बी ४५ एबोनाइटचा, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचा असतो. कापडाने जोरात घासून नाकाशी धरला की गंधकाचा वास येतो. याला कसलाही वास नव्हता, साधे प्लास्टिक होते. जिथे रीड टेकते तिथल्या दोन्ही बाजूंच्या कडांपैकी डावी कड उजवीहून स्पष्ट जाड होती. खालचा बूच बॅरलमध्ये, म्हणजे माउथपीस ज्यात बसतो त्या नळीत, इतका सैल होता की उलटे धरताच माउथपीस गळून पडला. या चारही गोष्टी घरच्या घरी पाहता येतात, तेव्हा वस्तू हातात येऊन या पाहून होईपर्यंत कोणालाही पैसे देऊ नका.

पार्सल पाठवण्यामागचा डाव मला नंतर समजला. वस्तू येणार या भरवशावर मी नऊ दिवस गप्प बसलो, आणि सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार केली तोवर ते खाते रिकामे झाले होते. पहिल्या तासा-दोन तासांत फोन केला तर पुढच्या खात्यांत रक्कम गोठवता येते. शंका आली की त्याच क्षणी १९३० लावा, पार्सलची वाट पाहू नका.

बँकेत गेलो तर उत्तर मिळाले की पिन तुम्हीच टाकला आहे, आमचा संबंध नाही. ठाण्यात गेलो तर मराठीतला अर्ज परत केला आणि कन्नडमध्ये लिहून आणायला सांगितले. टायपिस्टला २५० रुपये देऊन तो लिहून घेतला. राज्यघटनेचे कलम ३५० गाऱ्हाणे मांडताना भाषेचा हक्क देते, एवढे मला ठाऊक होते, पण त्या टेबलासमोर ते बोलून दाखवण्याची हिंमत झाली नाही. कन्नड अर्ज वाचून साहेब म्हणाले, “पार्सल आलं ना, मग फसवणूक कसली?” वस्तू बनावट आहे हे सांगितल्यावर ग्राहक मंचाकडे जा म्हणाले. तिथल्या कारकुनाने विकणारा व्यापारी नसल्याचे सांगून पुन्हा पोलिसांकडे धाडले. दुसऱ्या खेपेस ठाण्यात कळले की पार्सल महाराष्ट्रातून निघाले आहे, म्हणून हद्द तिकडची. सीमा ओलांडून तिकडे गेलो, तर ते म्हणाले, तुम्ही कर्नाटकात राहता, तक्रार तिथेच द्या. दोन राज्यांच्या मध्ये राहणाऱ्या माणसाने जायचे तरी कुठे? १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी ठाण्याने त्याची माहिती नोंदवून घ्यायची असते. हे एका ओळखीच्या वकिलांनी नंतर सांगितले. मला ज्यांनी परत पाठवले, त्यांना हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. या हेलपाट्यांत दोन सुपाऱ्या सोडाव्या लागल्या, त्या वेगळ्याच. तुमच्यावर ही वेळ आली तर अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर पोहोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.

पुण्याच्या दुकानातला नवा, खात्रीचा माउथपीस मला याहून फक्त २,७५० रुपये जास्त देऊन मिळाला असता. सध्या जुन्या ४ सी चे टोक बारीक पॉलिश कागदाने घासून मी कशीबशी लग्नसराई काढतो आहे. तो बनावट माउथपीस, त्याचे खोके आणि कुरिअरची पावती मी जशीच्या तशी कपाटात ठेवली आहे. आजवर एकाही अधिकाऱ्याने ती पाहायला मागितलेली नाही.