कडक भाकरी, शेंगाचटणी आणि चार प्रांतांच्या वाईन

सोलापुरात वाईन विकत घेताना कंपनीच्या नावाआधी दुकानातील मांडणी पाहावी, असे मी अनुभवाने सांगतो. मागच्या उन्हाळ्यात शहरातील एका दुकानातून आणलेली रेड वाईन उघडली, तेव्हा तिला शिजवलेल्या मनुकांचा वास येत होता. दर्शनी काचेमागे, दुपारच्या उन्हात ती बाटली कित्येक दिवस उभी असणार. त्यामुळे या वेळी चारही बाटल्या आतल्या थंड कपाटातून मागून घेतल्या आणि जुळे सोलापुरातील एका मित्राच्या गच्चीवर आम्ही पाच जणांनी त्या सावकाश चाखल्या. नाव वाचून मत बनू नये म्हणून प्रत्येक बाटली ओल्या सोलापुरी टॉवेलमध्ये गुंडाळली होती, आणि त्याने वाईनही गार राहिली.

नाशिकची सुला शेनिन ब्लाँ, अकलूजची फ्रातेली सांजोवेसे, बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सची ओळख असलेल्या ग्रोव्हर झाम्पाची काबर्ने-शिराझ आणि ऑस्ट्रेलियाची जेकब्स क्रीक शिराझ अशा त्या चार वाईन होत्या; पहिली पांढरी, बाकी तिन्ही रेड. शेनिन ब्लाँ, सांजोवेसे, काबर्ने आणि शिराझ ही द्राक्षांच्या जातींची नावे. तिन्ही देशी बाटल्या हजार रुपयांच्या आसपास मिळतात; परदेशी बाटलीला आयातशुल्कामुळे बरेच जास्त मोजावे लागतात. सोबत कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि नंतर काळ्या मसाल्याचे मटण होते.

शेनिन ब्लाँपासून सुरुवात केली. पहिल्या घोटात पेरू आणि अननसाची आठवण होते आणि शेवटी किंचित गोडवा रेंगाळतो. एरवी मला गोडसर वाईन फारशी आवडत नाही, परंतु चटणीतील लाल तिखट जिभेवर असताना तोच गोडवा कामी आला. तिखटाबरोबर तुरट आणि जास्त अल्कोहोलची वाईन घेतली तर जळजळ वाढते. थोडी गोड, आंबट आणि थंड वाईन ती शमवते. वाईन पहिल्यांदाच पिणाऱ्याला मी हीच बाटली देईन.

सांजोवेसेबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण ती आपल्या जिल्ह्याची आहे. इटालियन भाषेत फ्रातेली म्हणजे भाऊ, आणि इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी व अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घरांतील भावांनी मिळून ही कंपनी उभी केली. सांजोवेसे हे इटलीतील टस्कनी प्रांताचे, तिथल्या कियान्ती वाईनचे द्राक्ष. आपल्या ओळखीची सोनाका किंवा थॉमसन ही खाण्याची द्राक्षे मोठी, पातळ सालीची आणि बिनबियांची असतात. वाईनच्या द्राक्षाचा मणी लहान, साल जाड आणि आत बी असते, आणि रंग व तुरटपणा त्या साली-बियांतूनच उतरतो. पेल्यात ही वाईन फार गडद दिसत नाही, पेला तिरका केल्यावर कडेला विटकरी झाक येते. चव लाल चेरीसारखी, आंबटपणा स्पष्ट आणि तुरटपणा मध्यम. शेंगदाण्याचे तेल जिभेवर जो थर धरते, तो या आंबटपणाने स्वच्छ धुतला जातो आणि पुढचा घास पुन्हा ताजा लागतो. टॉवेल सोडून नाव पाहण्याआधीच पाचांपैकी तिघांनी हिलाच पहिली पसंती दिली होती.

काबर्ने-शिराझ भाकरीसोबत जड वाटली, परंतु मटणाच्या चरबीने तिचा तुरटपणा मऊ केला आणि मग तिच्यातील काळी मिरी व जांभळासारखी चव मोकळी झाली. ऑस्ट्रेलियाची शिराझ गुळगुळीत आणि फळांनी भरलेली आहे, नुसती पिण्यास उत्तमच. पण काळ्या मसाल्यापुढे तिचे वेगळेपण उरले नाही, आणि जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण मला त्या जेवणात सापडले नाही.

रेड वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला युरोपातील थंड घरांचा आहे. तिथे ते तापमान 16 ते 18 अंश असते, आपल्याकडे एप्रिलमध्ये रात्रीही घर तिशीच्या आसपास असते. तेवढ्या उष्णतेत अल्कोहोलचाच वास पुढे येतो आणि फळाची चव मागे पडते. म्हणून रेड वाईनही अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवूनच उघडावी. सांजोवेसेची उरलेली वाईन आम्ही बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती शेंगापोळीबरोबर घेतली, तेव्हा तिची चेरी थोडी फिकी झाली होती, आंबटपणा मात्र तसाच टवटवीत होता.