तांब्याचा जुना स्पिरिट बर्नर: घ्यावा का, चालवावा कसा

‘कॅम्पिंगचा जुना तांब्याचा बर्नर’ म्हणून जे विकायला येते, ते बरेचदा कॅम्पिंगसाठी घडवलेलेच नसते. जेवणाच्या टेबलावर पदार्थ गरम ठेवायच्या भांड्याखालचा किंवा फॉन्ड्यूच्या (टेबलावर वितळत ठेवलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खायच्या पदार्थाच्या) संचातला तो बर्नर असतो. आधणापुरती आच त्यातून निघते का, हे आधी पाहावे. तोंड 5 सेंटीमीटरहून अरुंद असेल तर तो शोभेचाच समजावा. भटकंतीसाठी मुद्दाम बनवलेले बर्नर बहुधा पितळेचे असतात. स्वीडनच्या ट्रांगिया कंपनीचा प्रसिद्ध बर्नरही पितळेचाच आहे.

तांबे पितळेच्या तिपटीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेते. या बर्नरचे गुण आणि खोडी, दोन्हींचे मूळ तिथे आहे. ज्योतीची उष्णता भिंतीतून झटकन स्पिरिटपर्यंत, म्हणजे जळणाच्या इथेनॉलपर्यंत उतरते, त्यामुळे बर्नर लवकर जोर धरतो. पण दुहेरी भिंतीच्या, कडेला छिद्रे असलेल्या प्रकारात हाच वेग अंगाशी येतो. इथेनॉल 78 अंश सेल्सिअसला उकळते. एकदा ते उकळू लागले की वाफ गरजेपेक्षा जास्त निघते, ज्योत भांड्याच्या बाहेर पसरते आणि इंधन वाया जाते. म्हणून तांब्याच्या बर्नरांत वात किंवा तंतू भरलेला, वर जाळी असलेला प्रकारच घ्यावा. तंतू स्पिरिट धरून ठेवतात, आच एकसारखी राहते, आणि बर्नर कलंडला तरी सगळे इंधन एकदम सांडत नाही.

विकत घेताना आधी चुंबक लावावा. चिकटला तर लोखंडी पत्र्यावर तांब्याचा मुलामा आहे. तळाशी बारीक ओरखडा काढून पिवळे दिसले तर आत पितळ आहे. ते वाईट नाही, पण तांब्याचा भाव देऊ नये. मग जोड पाहावेत. जाड, राखाडी, फुगीर रेघ म्हणजे शिसे-कथलाचा डाख (वितळवून लावलेला मऊ जोड), तो साधारण 183 अंशांपासून मऊ पडू लागतो. आत स्पिरिट आहे तोवर भिंत थंड राहते. इंधन संपत आले की कडा तापते आणि वरचा डाख सुटतो. तळाला असा डाख चालेल, तोंडाजवळ नको. चांदीच्या झाळणीची (जास्त तापमानाला केलेल्या पक्क्या जोडाची) रेघ बारीक असते, तोच माल घ्यावा.

गळती पाण्याने तपासू नये. पाणी जिथे अडते तिथून स्पिरिट झिरपते. कागदावर बॉलपेनने जवळजवळ रेघा ओढाव्यात, बर्नरमध्ये अर्ध्यापर्यंत स्पिरिट घालून झाकण लावावे आणि तो रात्रभर त्या कागदावर ठेवावा. सकाळी शाई फुटलेली दिसली तर जोड गळतो आहे.

आतले जुने भरण हा गंभीर मुद्दा आहे. काळे पडलेले, कुरकुरीत भरण म्हणजे जळका कापूस. तो काढून टाकता येतो. पांढरट-राखाडी, न जळणारे तंतू मात्र ॲस्बेस्टॉसचे असू शकतात, म्हणजे ज्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते त्या खनिजाचे. ते उपसू नयेत, खरवडू नयेत, फुंकू नयेत. तसा बर्नर घेऊच नये. नवे भरण काचतंतूच्या दोरीचे किंवा कार्बन फेल्टचे (कार्बनच्या तंतूंच्या नमद्याचे) असावे, वर स्टेनलेस जाळी. फार दाबून भरले तर स्पिरिट वर चढत नाही आणि ज्योत मरगळते.

हिरवा कळंक लिंबाचा रस आणि मिठाने निघतो. नंतर गरम पाण्याने नीट धुवावे, कारण उरलेले मीठ पुन्हा कळंक आणते. बाहेरून लाखेचा चकचकीत थर दिला असेल तर तो पहिल्याच पेटवणीत करपतो आणि घाण वास येतो. आधी ॲसिटोनने पुसून काढावा. छिद्रे सुईने मोकळी करावीत, पण रुंदावू नयेत.

इंधन 95 टक्क्यांच्या आसपासचे इथेनॉल असावे. मिथेनॉल विषारी आहे, शिवाय तेवढ्याच वजनात त्याची उष्णता इथेनॉलच्या सुमारे पाऊणपट. आयसोप्रोपिलने भांडे काजळते. सॅनिटायझरचे जेल घालूच नये, त्याने तंतू चिकटतात.

बर्नर थंड दगडावर ठेवला तर तांबे सगळी ऊब जमिनीला देऊन टाकते. खाली लाकडी चकती किंवा जाड फेल्ट हवे. भांडे अडणीवर, तोंडापासून 3 ते 4 सेंटीमीटर उंच. त्याहून जवळ आणले तर ज्योतीला हवा कमी पडते आणि ती पिवळी होते. वाऱ्याला पत्र्याचा आडोसा करावा, खालून हवा खेळती ठेवावी. असे जमवले तर अर्धा लिटर पाण्याला 20 मिलिलिटरच्या आसपास स्पिरिट लागते. आडोसा नसेल तर दुप्पटही पुरत नाही. कडाक्याच्या थंडीत स्पिरिट पेटायला कुरकुरते, तेव्हा बाटली थोडा वेळ अंगाशी धरून ऊब द्यावी.

दिवसाउजेडी ही ज्योत जवळजवळ दिसत नाही. ‘विझला वाटतं’ म्हणून जळत्या बर्नरमध्ये बाटलीतून स्पिरिट ओतले की ज्योत धारेवरून बाटलीत शिरते आणि भडका उडतो. आधी झाकण ठेवून विझवावे, बर्नर हाताला सोसेल इतका निवू द्यावा, मगच भरावे. गरम असताना झाकण आवळले तर आतले रबरी कडे करपते. बंद तंबूत पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

स्पिरिट आत साठवूनही ठेवू नये. त्यातले पाणी आणि मिसळलेली द्रव्ये तांब्याला कळकवतात, तळाशी चिकट थर बसतो आणि पुढच्या वेळी वात नीट ओढत नाही. उरलेले बाटलीत परत ओतून बर्नर उघडाच वाळू द्यावा.

एका माणसाच्या चहा-सूपसाठी रुंद तोंडाचा, झाळलेला, भरण बदललेला तांब्याचा बर्नर आनंदाने घ्यावा. चार जणांचे जेवण त्यावर शिजवायचे असेल तर पितळेचाच घ्यावा.