गुहागरच्या घरासाठी साताऱ्यातील सल्लागार

गुहागर तालुक्यातील वडिलोपार्जित जागेत स्वतःपुरते घर बांधण्यासाठी आराखडा आणि परवानगीचे काम आम्ही साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका वास्तुविशारदांकडे दिले होते. कुंभार्ली घाट उतरून वरचेवर जाणे वयोमानाने जमत नसल्याने जवळचे कार्यालय निवडले.

‘तीनशे चौरस मीटरपर्यंत परवानगी लागतच नाही’ असे दोघातिघा नातेवाइकांनी छातीठोकपणे सांगितले होते. पहिल्याच भेटीत कार्यालयाने हा गैरसमज दूर केला, आणि माझ्या मते त्यांच्या शुल्काचे तेवढ्यातच चीज झाले. 18 जानेवारी 2019 च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार एकूण 300 चौरस मीटरपर्यंत बांधीव क्षेत्र असलेल्या स्वतःच्या राहत्या घरासाठी राज्याच्या सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची शिफारस लागत नाही. मंजुरी स्थानिक प्राधिकरण देते, मात्र त्याआधी प्रस्ताव त्याच अधिसूचनेच्या निकषांवर तपासणे त्याला बंधनकारक असते. थोडक्यात, मुंबईचे हेलपाटे वाचतात, भरतीरेषेपासूनचे अंतर सुटत नाही.

ते अंतरच आम्हाला नडले. 2011 च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला 2,161 हून अधिक लोकवस्ती असलेल्या ग्रामीण भागात ना-विकास क्षेत्र, म्हणजे नवे घर बांधता न येणारा पट्टा, भरतीरेषेपासून 50 मीटर, तर विरळ वस्तीच्या गावांत 200 मीटर आहे. गाव ओस पडत गेले याची शिक्षा राहिलेल्यांनाच, असे माझ्या धाकट्या भावाचे म्हणणे, आणि ते मला खोडता आले नाही. ना-विकास क्षेत्रात जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण जोत्याचे व चटईचे क्षेत्र वाढवता येत नाही. त्यापलीकडे पारंपरिक वस्तीत तळमजला अधिक एक मजला आणि 9 मीटर उंची, एवढी मुभा आहे. हे सारे त्यांनी सातबारा आणि घरपट्टीच्या जुन्या पावत्या समोर ठेवून समजावले.

तक्रार एकच, पण मोठी आहे. आमचा गट क्रमांक किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या 1:4000 प्रमाणातील नकाशावर नेमका कुठे येतो, हे पाहण्याआधीच त्यांनी घराचा आराखडा काढला. निम्मे जोते ना-विकास क्षेत्रात निघाल्यावर दुसरा काढावा लागला आणि त्याचेही पैसे मागितले. बोलाचालीनंतर ते निम्म्यावर आले. या कार्यालयात जाणाऱ्यांनी आधी तो नकाशा मागावा, आगाऊ रक्कम मग द्यावी.