व्हॉट्सअॅपचा एनक्रिप्टेड बॅकअप: कुलूप भक्कम, पण मुळात उघडंच दिलेलं

गुण: ५ पैकी ३.५

व्हॉट्सअॅपवरचा मेसेज वाटेत कुणाला वाचता येत नाही, हे एप्रिल २०१६ पासून खरं आहे. मात्र बॅकअप चालू असेल तर त्याच मेसेजांची एक प्रत गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जाऊन बसते, आणि फक्त दोन्ही टोकांच्या फोनवरच उघडणारं ते एंड-टू-एंड कुलूप तिला आपोआप लागत नाही. मेसेज फोडता आला नाही तरी कायदेशीर आदेश घेऊन गूगल किंवा अॅपलच्या दारात जाण्याची वाट मोकळी राहते. ती बंद करणारी सोय ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. दीड गुण कापला त्याचं मोठं कारण हेच: ती शोधून, स्वतःहून चालू करावी लागते.

सेटिंग्जमध्ये चॅट्स, मग चॅट बॅकअप, आणि तळाशी 'एंड-टू-एंड एनक्रिप्टेड बॅकअप'. तिथे पासकी, पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली यांतलं एक निवडायचं. पासकी सर्वांत सोपी, बोट किंवा चेहरा दाखवला की झालं. पासवर्ड निवडलात तर बॅकअपची खरी किल्ली व्हॉट्सअॅपची मालक कंपनी मेटाच्या डेटा सेंटरमधल्या छेडछाड-रोधक हार्डवेअर तिजोरीत राहते. चुकीचे प्रयत्न ठरावीक संख्येपलीकडे गेले की ती किल्ली कायमची निकामी होते, त्यामुळे अंदाजाने पासवर्ड शोधत बसता येत नाही. ६४ अंकी किल्ली मात्र मेटाकडे जातच नाही. ती कागदावर लिहून घरातल्या कागदपत्रांत ठेवा. तिचा स्क्रीनशॉट काढून गूगल फोटोजवर जाऊ दिलात, तर कुलपाशेजारीच किल्ली टांगल्यासारखं होईल.

फोन हातात असेपर्यंत विसरलेला पासवर्ड बदलता येतो. फोनही गेला आणि पासवर्डही, तर बॅकअप संपला. मग कस्टमर केअरला विनवण्या करून उपयोग नाही. ही त्रुटी नव्हे. कंपनीला तो उघडता आला असता, तर तसा आदेशही तिला देता आला असता.

आयफोनवाल्यांची फसगत वेगळीच. व्हॉट्सअॅपमधलं कुलूप चालू केलं, पण अख्ख्या फोनचा आयक्लाउड बॅकअप तसाच सुरू राहिला, तर चॅटची दुसरी प्रत या कुलपाविना तिकडे जाते. तो बॅकअप बंद करा, नाहीतर त्या बॅकअपलाही एंड-टू-एंड कुलूप लावणारं अॅपलचं अॅडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन चालू करा. ब्रिटनमधल्या मराठी मंडळींना हा दुसरा पर्याय धरून चालता येणार नाही: सरकारच्या गुप्त आदेशानंतर अॅपलने फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे तो नव्या वापरकर्त्यांसाठी बंद केला.

आता या कुलपाने काय होत नाही ते. २०१९ मध्ये पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने व्हॉट्सअॅपच्या कॉलमधल्या त्रुटीतून जगभरात सुमारे १,४०० जणांना लक्ष्य केलं, त्यात भारतातले वकील आणि कार्यकर्तेही होते. असलं स्पायवेअर थेट फोनमध्ये शिरतं, तिथे मेसेज उघडाच असतो. कुणाशी, कधी, किती वेळा बोललात याची नोंदही बॅकअपच्या कुलपाबाहेरच राहते. शिवाय कुलूपबंद माहिती उघडून मागण्याचा (डिक्रिप्शनचा) अधिकार सरकारला देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आहेच. २० डिसेंबर २०१८ च्या अधिसूचनेत आयबी, ईडी, एनसीबी, एनआयए अशा १० यंत्रणांना त्याखाली अधिकार दिले आहेत, आणि डिक्रिप्शनला मदत नाकारली तर ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे बंधन कंपनीपुरतं नाही, वापरकर्त्यावरही आहे. थोडक्यात, हे कुलूप तुमच्या नकळत काढल्या जाणाऱ्या प्रतीपासून वाचवतं. समोर येऊन तुमच्याकडेच मागितलेल्या किल्लीचं काय करायचं, तो वकिलाचा प्रश्न.

राहिलेले गुण ग्रुपमुळे गेले. ५० जणांच्या ग्रुपमध्ये ४९ जणांनी कुलूप लावलं आणि एकाचा बॅकअप उघडा राहिला, तरी अख्खा संवाद त्याच्या ड्राइव्हवर असतो. कुणाचा बॅकअप कसा आहे हे अॅप अॅडमिनलाही दाखवत नाही. सोसायटीच्या पाणीकपातीच्या ग्रुपला याने फरक पडत नाही. पत्रकार आणि सूत्र, वकील आणि अशील यांनी मात्र बॅकअप दोन्ही बाजूंनी पूर्ण बंद ठेवावा, किंवा दोघांनी एकत्र बसून दोन्ही फोनवर ६४ अंकी किल्ली लावावी.