प्लाया देल कार्मेनमध्ये रोज बाहेर जेवायला किती लागतं: हिवाळाभर राहिल्यानंतरचा अनुभव

मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचं हे गाव महाग की स्वस्त, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, समुद्रापासून किती रस्ते आत जेवणार? नोव्हेंबर २०२४ पासून ईस्टर उलटेपर्यंत मी आणि नवरा इथे राहिलो. दोघांचं काम लॅपटॉपवरचं, भाड्याच्या घरात ओटा नावापुरता, त्यामुळे दुपारचं जेवण जवळजवळ रोज बाहेरच. त्या काळात पेसो सव्वाचार रुपयांच्या आसपास होता, हिशेब त्यानेच करा. खालचे दरही तेव्हाचेच समजा.

गावातले किनाऱ्याला समांतर रस्ते पाचाच्या पटीत मोजतात. किंता म्हणजे पाचवा रस्ता, फक्त पायी फिरणाऱ्यांचा, सगळा पर्यटकांनी भरलेला. मग दहा, पंधरा, वीस, पंचवीस आणि तीस. जसजसं आत जाल तसतसे दर उतरतात. किंतावर तीन टाको (मक्याच्या पातळ पोळीत मांस किंवा भाजी) दोनशे-अडीचशे पेसोंना, बिअर ऐंशी-शंभरला. दोघांचं साधं जेवण टिप धरून सातशेच्या पुढे सहज जातं. तीस नंबरच्या पलीकडे तितक्यात आमची तीन दुपारची जेवणं व्हायची, आणि चव तिथलीच चांगली, हे मी खात्रीने सांगते.

ती जेवणं मिळतात कोसिना एकोनोमिकात. आपल्याकडच्या खानावळीसारखी ही जागा: चार-सहा टेबलं, प्लास्टिकचे टेबलक्लॉथ, दाराशी हाताने लिहिलेला फळा. जेवणाला म्हणतात कोमिदा कोरिदा. आधी वाटीभर सूप, बहुतेक वेळा टोमॅटोच्या रश्श्यात शिजवलेल्या बारीक शेवयांचं. मग भात, काळा घेवडा आणि फळ्यावरच्या तीन-चार गिसादोंपैकी, म्हणजे मांसाच्या किंवा भाजीच्या रस्सेदार पदार्थांपैकी, एक. फडक्यात गुंडाळलेल्या गरम तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या, आणि त्या दिवसाचं सरबत: कधी चिंचेचं, कधी हामाइकाचं, म्हणजे लाल अंबाडीच्या फुलांचं. हे सगळं ९० ते १२० पेसोंत. दुपारी दोनच्या सुमाराला जावं. साडेतीननंतर फळ्यावरची चांगली नावं पुसलेली असतात आणि संध्याकाळी ही दुकानं बंद.

पुण्याच्या थाळीशी तुलना केली तर हे स्वस्त नाहीच. पण तुलना तिथल्या पगाराशी करायला हवी. २०२५ साली मेक्सिकोतलं सर्वसाधारण किमान वेतन दिवसाला २७८.८० पेसो होतं. म्हणजे शंभराचं जेवण दिवसाच्या किमान मजुरीच्या एक तृतीयांशाहून जास्त. माझ्या शेजारच्या टेबलावर हॉटेलांत खोल्या साफ करणाऱ्या बायका, बांधकामावरचे मजूर, टॅक्सीवाले असायचे. बरेच जण चियापास, ताबास्को, युकातान या दुसऱ्या राज्यांतून कामाला आलेले. हे दर वाढले की आधी त्यांच्या पोटाला चिमटा बसतो. म्हणून मला तिथे घासाघीस करणारे पर्यटक अजिबात आवडत नाहीत.

संध्याकाळी टाको. अल पास्तोरचं, म्हणजे मसाल्यात मुरवलेल्या डुकराचं, मांस उभ्या सळईवर रचलेलं असतं, वर अननस. टाकेरो, म्हणजे टाको बनवणारा, सुरीने पातळ काप थेट तळहातातल्या तोर्तियावर पाडतो आणि अननसाची एक चकती वरून उडवून त्याच टाकोत झेलतो. बशीला प्लास्टिकची पिशवी चढवलेली, म्हणजे धुवायची कटकट नाही. एक टाको १८ ते २५ पेसो. किती खाल्ले ते शेवटी आपणच सांगायचं, कुणी मोजत बसत नाही. साल्सा, म्हणजे चटणी, फुकट, पण हाबानेरो या जहाल मिरचीची असेल तर आधी थेंबभर चाखा. कोल्हापूरचा माझा नवरासुद्धा तिला मान देतो. सकाळी मात्र युकातानी कोचिनिता पिबिल शोधा: आंबट संत्र्यात आणि अचिओतेत, म्हणजे लाल बियांच्या वाटणात, मुरवून केळीच्या पानात शिजवलेलं डुकराचं मांस, वर लोणच्यातला जांभळा कांदा. उशिरा गेलात तर संपलेलं असतं.

मी स्वतः शाकाहारी आहे, त्यामुळे माझा खर्च नवऱ्यापेक्षा जास्त आला. घेवड्यात बहुतेकदा डुकराची चरबी असते, भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर चिकन येऊ शकतं. ‘सिन मांतेका, सिन काल्दो दे पोयो’, म्हणजे चरबीशिवाय आणि कोंबडीच्या पाण्याशिवाय, हे दोन्ही विचारायचंच. किंताजवळच्या व्हीगन कॅफेंत एक ताट दोनशेच्या आसपास, रोज परवडत नाही. माझे सगळ्यात चांगले दिवस मार्च-एप्रिलमधले. ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी मांस टाळायची प्रथा आहे, त्यामुळे त्या दिवशी खानावळींच्या फळ्यावर चीज भरलेल्या मिरच्या, निवडुंगाची भाजी, मसुराचं सूप असं सगळं येतं. मासे-कोळंबी त्यातही असते आणि सुपाचं पाणी कशाचं हे विचारावंच लागतं, पण निवड करायला जागा मिळते.

आता बिलाविषयी, कारण पैसे इथेच गळतात. कायद्याने मेन्यूवरचा दर १६ टक्के कर धरूनच लिहायचा असतो आणि टिप ऐच्छिक असते. रिवाज दहा ते पंधरा टक्क्यांचा. किंतावरच्या एका रेस्टॉरंटने आमच्या बिलात पंधरा टक्के ‘सेवा’ आधीच जोडली आणि कार्डाच्या मशीनवर पुन्हा टिप विचारली. शिवाय मशीनवर डॉलर की पेसो असा पर्याय होता, आणि वेटरने न विचारता डॉलर दाबला. आम्ही व्यवहार रद्द करून पेसोत करायला लावला, सेवेची रक्कमही काढायला लावली. वाद न घालता शांतपणे सांगितलं की काढतात. नेहमी पेसोच निवडा, डॉलरचा दर त्यांच्या सोयीचा असतो. फक्त डॉलरमध्ये दर लिहिलेला मेन्यू दिसला तर मी उठून पुढे जाते.

बीच क्लबमध्ये खुर्चीसाठी किमान खर्चाची अट असते, बऱ्याच ठिकाणी माणशी पाचशे पेसोंच्या वर. मेक्सिकोत किनारा सार्वजनिक आहे, वाळूवर आपली चादर पसरून बसायला कुणी अडवू शकत नाही. आम्ही बाजारातून पपई आणि आंबे घेऊन जायचो.

महिन्याचा हिशेब असा: रोज दुपारी खानावळ, आठवड्यातून तीन-चारदा संध्याकाळी टाको, एखाद्या वेळी किंता, असं दोघांचं मिळून साधारण अकरा-बारा हजार पेसो. नाताळात आणि ईस्टरच्या आठवड्यात समुद्राजवळचे दर चढतात, खानावळींत आम्हाला फरक जाणवला नाही. तिथे कार्ड बहुधा चालत नाही आणि पाचशेची नोट मोडून मिळणं कठीण, म्हणून सुपरमार्केटमध्ये मोठी नोट मोडून वीस-पन्नासच्या नोटा जवळ ठेवा. आणि टिप तिथेही ठेवा, कुणी मागत नसलं तरी.