रुग्णाच्या उशाशी ई-रीडर : काही महिन्यांच्या वापरानंतर

ई-रीडरचा, म्हणजे पुस्तकं वाचायच्या यंत्राचा, विषय निघाला की लोक आधी बॅटरी आणि मेमरी विचारतात. दोन्ही उत्तम. वायफाय बंद ठेवलं तर बॅटरी आठवड्यांच्या हिशेबात चालते, आणि त्यात मावतील तेवढी पुस्तकं माझ्याच्यानं या जन्मी वाचून व्हायची नाहीत. पण मी तो वापरला आईच्या लांबलेल्या आजारपणात, आणि तिथे कामाला आलं ते वेगळंच.

मुख्य म्हणजे उजेड. खोलीतला दिवा लावला तर तिची झोप मोडायची. मोबाइल घेतला तर डोळे चुरचुरायचे आणि वाचायचं राहून तिचे रिपोर्टच पुन्हा पुन्हा शोधले जायचे. ई-रीडरच्या कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्यामागे (त्याला ई-इंक म्हणतात) दिवा नसतो. कडेला बसवलेले बारीक एलईडी पडद्यावरच उजेड टाकतात. तो मंद, पिवळसर करून ठेवला की शेजारच्या पलंगावर पत्ताही लागत नाही. शिवाय एका हातानं भागतं. उजव्या हातात तिचा हात असला तरी डाव्या अंगठ्यानं पान उलटतं. कव्हर मिटून औषध द्यायला उठलं आणि तासाभरानं परत उघडलं, तर तेच वाक्य समोर.

मात्र परत आल्यावर ते वाक्य कळायला हवं ना! तिथे यंत्राचं काही चालत नाही, पुस्तकच तसं लागतं.

पहिल्या महिन्यात एक जाडजूड कादंबरी सुरू केली आणि सोडली. कोण कुणाचा मेहुणा हेच ध्यानात राहीना. दुसऱ्या महिन्यात शेरलॉक होम्सच्या कथा घेतल्या. एकूण 56 आहेत, आणि प्रत्येक गोष्ट तिथल्या तिथे संपते. जिथे कुणीच काही निश्चित सांगत नव्हतं, तिथे शेवटी सगळं उलगडून सांगणारा माणूस भेटला की फार बरं वाटायचं. वाङ्मयीन मूल्य वगैरे नंतर बघू.

त्यानंतर मार्कस ऑरेलियसचं ‘मेडिटेशन्स’. या रोमन सम्राटानं स्वतःसाठीच लिहिलेली टिपणं, 12 भागांत. धागा नाहीच, त्यामुळे तुटायचा प्रश्न नाही. कुठलंही पान काढावं, चार ओळी वाचाव्यात, मिटावं. सलग वाचलं तर मात्र कंटाळा येतो. तोच उपदेश फिरून फिरून येतो.

कुणीतरी प्रेमानं अमेरिकन लेखिका जोन डिडियनचं 2005 मधलं ‘द इयर ऑफ मॅजिकल थिंकिंग’ सुचवलं. एकुलती एक मुलगी आयसीयूत असताना नवरा अचानक गेला, त्यानंतरच्या वर्षाची ही हकीकत. पुस्तक थोरच आहे. पण दवाखान्यात बसलेल्या माणसाला ते सुचवू नये. मी सुरुवातीलाच मिटलं आणि घरी आल्यावर पूर्ण केलं.

सगळ्यात जास्त साथ दिली लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रानं. आधी वाचलेलं होतं, म्हणून कुठूनही उघडता आलं. 1895 मध्ये त्यांचे पती ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संसार दुभंगला. तो काळ सांगतानाही ही बाई कीव मागत नाही, आणि मध्येच असं काही बोलून जाते की हसू दाबावं लागतं. एकदा ते दाबता आलं नाही. आई जागी झाली, म्हणाली, “मलाही वाच की.” त्या महिन्यात दुसरं काही वाचलंच नाही.

आता तक्रारी. स्कॅन केलेल्या मराठी पीडीएफच्या नादी लागू नका. त्यात अक्षर म्हणजे चित्र असतं. मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि पान इकडेतिकडे सरकवत बसावं लागतं. पुस्तक ईपबमध्येच मिळवा, म्हणजे अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्यानं मांडणाऱ्या फाइलीत. प्रताधिकार संपलेली बरीचशी मराठी पुस्तकं विकिस्रोत या संकेतस्थळावरून तशी उतरवून घेता येतात. अक्षर फार वाढवलं की ओळीत तीनचारच शब्द बसतात आणि त्यांच्यामध्ये मोठाल्या फटी पडतात. दोन्ही कडा जुळवायची सोय बंद केली की ते सुधारतं. आधीच्या पानाची पुसट सावली कधीकधी उरते, तिची सवय होते.

अशा काळात कुणाला ई-रीडर द्यायचा असेल तर खातं उघडून, पुस्तकं भरून, अक्षर मोठं करून मगच द्या. रात्रभर जागलेल्या माणसाला नवा पासवर्ड सुचत नाही.